उलट बाजूची बातमी

कारंज्यात वर्तमानपत्र दोनदा वाचलं जातं. पहिल्यांदा सकाळी, चहाच्या टपरीवर, पानं वाटून घेऊन. एकाकडे पहिलं पान, दुसऱ्याकडे खेळाचं, तिसरा निधनवार्तांवरून नजर फिरवत असतो आणि मध्येच म्हणतो, 'अरे, हे तं आपल्या उंबर्ड्याचे.' दुसऱ्यांदा संध्याकाळी, वाचनालयाच्या अभ्यासिकेत. तेव्हा टेबलावर कात्री असते, गोंदाची बाटली असते, लाल आणि निळं अशी दोन पेनं असतात. सकाळी ज्या बातमीवर कुणी थांबलं नव्हतं तिच्यावर आता दोघं-तिघं वाकलेली असतात. कुठल्या तरी लष्करी सरावाचं नाव, कुठल्या तरी निर्देशांकात भारताचा क्रमांक, पश्चिम घाटात सापडलेला नवा बेडूक. टपरीवर ज्याला कुणी विचारलं नाही तो बेडूक इथे शास्त्रीय नावासकट वहीत जाऊन बसतो.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी संध्याकाळी इथे असतो. काम म्हणावं असं काही नाही. पेपरांची फाईल लावायची, 'लोकराज्य' आणि 'योजना'चे अंक घरी नेणाऱ्यांच्या मागे लागून परत आणवायचे, आणि लाईट गेली की इन्व्हर्टर किती वेळ टिकेल ते ठासून सांगायचं. मुलंमुली कामरगावची, धनजची, मनभ्याची. काही मानोऱ्याकडच्या तांड्यांवरची. सकाळच्या एसटीने येतात, डबा दुपारी दोघांत-तिघांत मिळून खातात आणि शेवटच्या गाडीची वेळ होईपर्यंत उठत नाहीत. कुणी राज्यसेवेचं करतं, कुणी कंबाईनचं, कुणी नुसतीच तलाठ्याच्या जाहिरातीची वाट पाहतं. यूपीएससी म्हणणारा एखादाच, तोही हळू आवाजात. कारण मोठ्याने म्हटलं की घरून 'मंग पुण्याले कधी जातं?' हा प्रश्न येतो आणि त्या प्रश्नामागे दर महिन्याच्या खर्चाचा आकडा उभा असतो.

या सगळ्यांचा एक विषय मात्र समान. त्याला ते 'करंट' म्हणतात. 'करंट झालं का?' हा इथला रामराम आहे.

महिना संपला की फाईल बांधताना मी जुनी पानं उलगडतो. त्यांना खिडक्या पडलेल्या असतात, पट्टी लावून कापलेल्या, सरळ कडांच्या. ताज्या अंकाला कात्री लावायची नाही हा नियम; आठवडा उलटला की मुभा. एकदा एक गृहस्थ आले. वडिलांच्या पुण्यस्मरणाची जाहिरात त्यांनी पेपरात दिली होती, घरचा अंक रद्दीत गेला, तुमच्याकडे असेल तर फोटो काढून घेतो म्हणाले. फेब्रुवारी 2025 मधली तारीख होती. आम्ही अंक काढला, पान लावलं. रिझर्व्ह बँकेने रेपो दर 6.50 वरून 6.25 टक्क्यांवर आणला ती बातमी कुणी तरी कापून नेली होती, आणि तिच्या पाठीला त्यांच्या वडिलांचा निम्मा चेहरा गेला होता. फाईलमध्ये उरला होता फेटा, एक डोळा आणि 'शोकाकुल'च्या खाली नातवंडांची नावं.

कापणारी मुलगी समोरच बसलेली. तिने वही काढली, ते पान उघडलं आणि कात्रणाची कडा नखाने सोडवू लागली. वर्तमानपत्राचा कागद एकदा गोंद प्यायला की नीट सुटत नाही. शाई वहीच्या पानावर राहिली, उलटी. गृहस्थ भले होते. राहू दे बाई, म्हणाले, आणि जे उरलं होतं त्याचा फोटो घेऊन गेले. तेव्हापासून ती पोरगी कात्रणं एकाच कडेने चिकटवते. उचललं की मागचं दिसतं. तिची वही चाळणं हा आता माझा एक छंद झाला आहे. नव्या रामसर स्थळामागे बोअरवेलची जाहिरात, राज्यपालांच्या नियुक्तीमागे 'मुलगा हरवला आहे', जी-20 च्या मागे सोयाबीनच्या नव्या वाणाचं बियाणं, संयुक्त राष्ट्रांच्या ठरावामागे कुणाच्या तरी दहाव्याची वेळ आणि नदीचं नाव.

बातमीला पाठ असते हे परीक्षा घेणाऱ्यांनाही ठाऊक आहे. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेच्या अभ्यासक्रमात इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था यांना आपापल्या ओळी आहेत आणि सगळ्यांत वर एक ओळ आहे: राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या चालू घडामोडी. एवढ्या एका ओळीत अख्खं जग आलं, त्याला ना सुरुवात ना शेवट. आमची मुलं आपल्यापुरती सीमा घालून घेतात: परीक्षेच्या आधीचं वर्ष, फार तर दीड वर्ष. त्याअलीकडचं सोडायचं नाही, त्यापलीकडचं धरायचं नाही. पण प्रश्न येतो तो बातमीवर कमी आणि तिच्या मागच्या बाजूवर जास्त. पाणथळ जागेची बातमी येते, विचारलं जातं ती कुठल्या नदीच्या खोऱ्यात. विधेयकाची बातमी येते, विचारला जातो संविधानाचा अनुच्छेद. 2023 पासून तर 'वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत' हा प्रकार वाढला, तेव्हापासून एक विधान माहीत असून भागत नाही. शंभर प्रश्न, दोनशे गुण, आणि एक चूक झाली की 0.66 वजा. अंदाजपंचे सोडवणाऱ्याला हा आकडा रात्री झोपू देत नाही.

आता आमच्याच जिल्ह्याची बातमी घ्या. 5 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधान वाशिम जिल्ह्यात आले. पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं आणि पीएम-किसानचा 18 वा हप्ता वाशिमहून देशभर सुटला, सुमारे 9.4 कोटी शेतकऱ्यांना मिळून सुमारे 20,000 कोटी रुपये. दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेतल्या सगळ्या वह्यांत एक ओळ पडली: '18 वा हप्ता – वाशिम'. ज्या पोरांनी ती लिहिली त्यांच्यातल्या निम्म्यांच्या बापांच्या फोनवर दोन हजारांचा मेसेज वाजला होता. इतरांनी जे पाठ करायचं ते यांच्या घरी येऊन गेलं होतं. माझ्या नोकरीभर मी भूगोल शिकवला. विद्यार्थी स्वतःच उत्तराच्या आत राहतो आहे असं फार कमी वेळा घडलं.

हे उत्तर टिकलं नाही फार. 24 फेब्रुवारी 2025 ला 19 वा हप्ता भागलपूरहून सुटला, 20 वा वाराणसीहून, 21 वा कोइमतूरहून. वाशिमवर काट पडली. एका मुलाने खोडताना मागे जाऊन यादी तपासली आणि मला म्हणाला, 'सर, 16 वा यवतमाळहून व्हता.' खरं होतं, 28 फेब्रुवारी 2024. वाशिम आमचा जिल्हा आणि यवतमाळ शेजारचा. कारंजा दोन्हींच्या मध्ये. देशात साडेसातशेहून जास्त जिल्हे असताना एका वर्षात हप्ता सोडायला दोनदा याच पट्ट्यात का यावं लागलं, हा प्रश्न कुठल्याच टेलिग्रामच्या पीडीएफमध्ये नाही. यवतमाळ, वाशिम ही नावं त्याआधी शेतीच्या कोणत्या बातम्यांत छापून येत होती, ते इथल्या पोरांना वाचून कळलेलं नाही.

18 व्या हप्त्याच्या त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. हे पाठ. कृषी खर्च व मूल्य आयोग शिफारस करतो, मंत्रिमंडळाची आर्थिक व्यवहार समिती मंजूर करते, 22 पिकांना हमीभाव, उसाचं वेगळं. हेही पाठ. आणि दिवाळीच्या आसपास बाजारात सोयाबीन चार हजारांच्या आगेमागे जात होतं, हे पाठ करावं लागत नव्हतं, घरी जेवताना ऐकू येत होतं. सरकारी खरेदीला ओलावा 12 टक्क्यांच्या वर चालत नसे. पाऊस लांबलेला, दाणा ओला. केंद्रावरून ट्रॅक्टर माघारी येत होते. नोव्हेंबरच्या मध्यावर केंद्राने ही मर्यादा 15 टक्क्यांवर नेली. पोहा रस्त्यावरून येणाऱ्या एका मुलाने ती बातमी दुपारी इथे वाचली, वहीत '12 → 15' असं लिहिलं, आणि बाहेर जाऊन वडिलांना फोन लावला. मी खिडकीत होतो.

'बाबा, मॉयश्चर पंधरा केलं.'

पलीकडून काही तरी विचारलं गेलं असावं.

'पेपरात हाय. हो, आजच्या. नाई, माह्या परीक्षेसाठी नाई वाचून राह्यलो, तुमच्यासाठी सांगून राह्यलो.'

त्या फोनचा काही उपयोग झाला का, ते मी विचारलं नाही. तोवर बऱ्याच जणांनी माल विकून टाकलेला होता.

त्याच हंगामातली आणखी एक बातमी, आणि तिच्या पाठीमागे जे आहे ते मला फार प्रिय आहे. पोहरादेवीच्या सभेच्या दोनच दिवस आधी, 3 ऑक्टोबर 2024 ला, केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. फटाके वाजले, फलक लागले. मराठीबरोबर पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली याही भाषा होत्या. आधीच्या सहा: तमिळ 2004, संस्कृत 2005, कन्नड आणि तेलुगू 2008, मल्याळम 2013, ओडिया 2014. मिळून 11. मुलांनी तक्ता केला, वर्षं लिहिली, 'प्राकृत' या शब्दाशी कुणी घुटमळलं नाही. घुटमळावं असं त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. प्राकृत ही कुणाची तरी, कुठली तरी, फार जुनी भाषा.

अभ्यासिकेतून निघालं आणि जुन्या गावाच्या गल्ल्यांत शिरलं, की चालत पोचता येईल अशा अंतरावर तीन जैन मंदिरं आहेत: सेनगणाचं, बलात्कारगणाचं आणि काष्ठासंघाचं. तिथे भट्टारकांच्या गाद्या होत्या, आणि गाद्यांबरोबर ग्रंथभांडारं. हस्तलिखितं कापडात बांधून कपाटांत ठेवलेली, शेकड्यांनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची केली. ती 1926 मध्ये नागपुरात छापली गेली आणि तिच्यामुळे कारंज्याचं नाव विद्वानांच्या टेबलावर गेलं. अपभ्रंश ही प्राकृताची उत्तरावस्था, आपल्या आजच्या भाषांची आजी म्हणावी अशी. तिच्यातलं मोठं वाङ्मय अस्तित्वात आहे हेच तोवर फार थोड्यांना माहीत होतं, आणि त्यातलं बरंच इथे कपाटात झोपलेलं होतं.

मग अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे हिरालाल जैन यात पडले. हे हिरालाल दुसरे. नावसारखेपणामुळे पुढे कितीतरी तळटीपांत घोळ झाले असतील असं मला उगाच वाटतं. 'कारंजा जैन ग्रंथमाला' सुरू झाली. 1931 मध्ये परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादलेलं पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' आलं. पुष्पदंत दहाव्या शतकातला, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात राहिलेला. पाठोपाठ स्वतः हिरालाल जैनांनी संपादलेले ग्रंथ: 'सावयधम्मदोहा', 'णायकुमारचरिउ', 'पाहुडदोहा', आणि 1934 मध्ये मुनी कनकामराचं 'करकंडचरिउ'. युरोपातले आणि मुंबई-पुण्याचे पंडित ज्या पुस्तकांची वाट पाहत त्यांच्या मुखपृष्ठावर कारंजा हे नाव छापलेलं असे. कापसाच्या गाठींच्या आणि सरकीच्या या गावाचं नाव.

मी हे एका संध्याकाळी सांगितलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी; शिक्षकाचं ऐकून घ्यायची सवय जाता जात नाही. मग कंबाईनवाल्या एकाने विचारलं, 'सर, हे येणार हाय का?'

येणार कसं नाही? फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मोहीम जाहीर झाली. देशातल्या एक कोटीहून जास्त हस्तलिखितांचं सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन. ही ओळ त्याच्या वहीत होतीच, लाल शाईने, 'एक कोटी'खाली दोन रेघा मारलेली. ती एक कोटी हस्तलिखितं कुठे आहेत असं त्याला वाटत होतं? दिल्लीला, बहुतेक. त्यांतली काही आपल्या शाळेच्या वाटेवरच्या कपाटात असतील हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं; आणि त्याचा दोष त्याच्याकडे जात नाही. त्या वाटेवर त्याला कुणी थांबवलंच नव्हतं.

'करकंडचरिउ'ची गोष्ट तर इतकी नेमकी लागू पडते की मला ती सांगताना लबाडी केल्यासारखं वाटतं. कनकामर अकराव्या शतकातला. त्याच्या काव्यातला राजा करकंड फिरत फिरत तेरापुराला येतो, जवळच्या डोंगरात त्याला लेणं सापडतं, आत जिनमूर्ती. मूर्तीवर एक गाठ दिसते, ती फोडायला लावतो तर पाणी उसळतं आणि लेणं भरून जातं. मग तो वर नवं लेणं कोरवून घेतो. हिरालाल जैनांनी दाखवलं की हे तेरापूर म्हणजे आपलं तेर, आणि ती लेणी म्हणजे धाराशिवजवळची. आता धाराशिव हा शब्द करंटवाल्या पोरांच्या कानाला ओळखीचा लागतो. उस्मानाबादच्या नामांतराला केंद्राची मंजुरी 2023 मध्ये मिळाली, 2024 मध्ये उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं, दोन्ही तारखा वहीत आहेत. नामांतराच्या वादात दोन्ही बाजूंनी किती शब्द खर्च झाले! त्या गावाच्या डोंगरातलं पाणी अकराव्या शतकातल्या ज्या काव्यात उसळतं ते काव्य छापून निघालं कारंज्याच्या ग्रंथमालेत, आणि हे कारंज्याच्या पोराला ठाऊक नाही.

आणखी एक धागा. 2018 च्या जानेवारीत केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला. नीती आयोग त्यावर देखरेख करतो. आरोग्य-पोषण, शिक्षण, शेती-पाणी, आर्थिक समावेशन आणि कौशल्य, पायाभूत सुविधा असे पाच विषय, 49 निर्देशक, दर महिन्याला क्रमवारी. देशभरातले 112 जिल्हे. महाराष्ट्रातले चार: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि धाराशिव. अकराव्या शतकातलं काव्य ज्या दोन जागांना जोडतं त्या दोन्ही आज मागासपणाच्या एकाच यादीत भेटतात. हा माझ्या मते उत्तम प्रश्न आहे. तो कधी विचारला जाणार नाही.

वाशिम जिल्हा 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. तोवर मी नोकरीत बराच मुरलो होतो, त्यामुळे मुलांसाठी जे 'स्टॅटिक', म्हणजे करंट नसलेलं, ते माझ्यासाठी कालचं आहे. शकुंतला या आमच्या रेल्वेगाडीचंही तसंच. किलिक निक्सन या मुंबईतल्या इंग्रज पेढीने 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद रूळ कारंज्यावरून गेला. वऱ्हाडचा कापूस या गाडीने मूर्तिजापूरला जायचा, तिथून मोठ्या रुळाने मुंबई, तिथून बोटीने मँचेस्टर. इंजीनही मँचेस्टरचंच, 1921 सालचं. 1923 पासून 1994 च्या एप्रिलपर्यंत वाफेवर धावलं. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, हा एक तुकडा कंपनीच्या नावावर राहून गेला, आणि त्यामुळे तो सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत कायमचा अमर झाला. गाडी बंद पडली, प्रश्न मात्र चालूच आहे. रुळांत गवत आहे. ते काढायला कुणी येत नाही, पण दरवर्षी कुठल्या तरी सराव परीक्षेत शकुंतला येते.

समृद्धी महामार्गाने त्या रुळाची जागा घेतली असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. शकुंतला गावातून जायची, थांबायची, बायका भाजीची टोपली घेऊन चढायच्या, पोरं उतरून पुन्हा पळत पकडायची. समृद्धी गावाला टाळून जातो. 701 किलोमीटर, 10 जिल्हे, 392 गावं; नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 5 जून 2025 ला. कारंज्याला इंटरचेंज मिळाला, म्हणजे वर चढायला आणि खाली उतरायला वाट मिळाली. चढणारे पुष्कळ आहेत. जवळच काळविटांचं कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, सुमारे 18 चौरस किलोमीटरचं, आणि काळविटाला रस्त्याचा टोल भरता येत नसल्यामुळे त्याच्यासाठी ओलांडायच्या वेगळ्या सोयींची चर्चा करावी लागली. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, अनुसूची 1. मुलांना हे झोपेतही येतं. माळावर काळवीट कळपाने उभा असतो, एसटीच्या खिडकीतून पहाटे दिसतो, आणि तो दिसतो त्या वेळी बहुतेकांची मान फोनवरच्या सराव प्रश्नांत असते, ज्यांत काळवीट असतो.

कधी कधी कापणारेच बातमीत जातात. 27 जुलै 2024 ला दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरमध्ये एका शिकवणीच्या तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी शिरलं आणि तयारी करणारे तीन विद्यार्थी गेले. पुढच्याच महिन्यात पुण्यात शेकडो उमेदवार रस्त्यावर बसले, कारण राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आणि बँकेची परीक्षा दोन्ही 25 ऑगस्टला आल्या होत्या. आयोगाने परीक्षा पुढे ढकलली आणि ती 1 डिसेंबरला झाली. पुण्याच्या आंदोलनाचा फोटो इथे सगळ्यांनी भिंग लावून पाहिला, आपल्या गावचं कुणी दिसतं का म्हणून. दिल्लीची बातमी मात्र कुणी कापली नाही. तिच्यातून प्रश्न सहज निघाले असते: महापालिकेचे अधिकार, इमारत परवाने, नागरी पूरनियोजन. तो अंक माझ्या फाईलमध्ये अखंड आहे, एकही खिडकी नसलेला.

पोर बाहेर पाठवायची या गावाला जुनी सवय. चौदाव्या शतकात इथे जन्मलेले नृसिंह सरस्वती मुंज झाल्यावर लहान वयातच काशीला निघाले आणि गुरुचरित्र सांगतं की तीस वर्षांनी आईवडिलांना भेटायला परत आले. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पोरं त्यांच्या गुरुमंदिरात हॉल तिकीट पायाशी ठेवून येतात. त्यांच्या आया तीस वर्षं थांबायला तयार नाहीत; एक अटेम्प्ट, फार तर दोन, मग घरचं दुकान किंवा शेत, असं बोलणं झालेलं असतं. मुलींना तेवढंही नाही. कात्रण एका कडेने चिकटवणाऱ्या त्या मुलीला दिवाळीनंतर स्थळं पाहायला सुरुवात होणार आहे, आणि त्याची तारीख तिने वहीच्या शेवटच्या पानावर, आगामी शिखर परिषदांच्या यादीखाली, त्याच निळ्या शाईत लिहून ठेवली आहे.

गेल्या शनिवारी मी त्यांना एक प्रश्न घातला. आयोगाच्या थाटात, फळ्यावर. पुढील विधाने विचारात घ्या: एक, महाराष्ट्रातल्या आकांक्षित जिल्ह्यांत वाशिमचा समावेश आहे. दोन, पीएम-किसानचा 16 वा हप्ता वाशिमहून वितरित झाला. तीन, काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे. चार, कारंज्यावरून जाणारा अरुंद रेल्वेमार्ग ब्रिटिश सरकारच्या मालकीचा होता. वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत?

पहिलं आणि तिसरं बरोबर, दुसरं चूक, इथपर्यंत सगळे एका दमात आले. चौथ्यावर फळी फुटली. तीन, असं एक टोळकं म्हणालं. पीडीएफमध्ये 'ब्रिटिशांच्या मालकीची' असं स्पष्ट छापलंय. दोन, असं ती मुलगी म्हणाली. कंपनीची होती, सरकारची नाही. मी तिच्या बाजूने निकाल दिला.

'कंपनी इंग्रजाचीच व्हती ना पण?' धनजचा पोरगा उभाच राहिला.

'इंग्रजाची असू दे. प्रश्नात सरकार आहे.'

'ईस्ट इंडिया पण कंपनीच व्हती, सर. तिनं सरकार चालवलं का नाई?'

यावर हसू झालं, पण तो हसत नव्हता. त्याने एक कोरा कागद घेतला, वर 'प्रथम उत्तरतालिकेवरील हरकत' असं शीर्षक लिहिलं, प्रश्न क्रमांक टाकला, संदर्भ म्हणून पीडीएफचं पान लिहिलं आणि माझ्या टेबलावर रीतसर आणून ठेवला. मुलीने लगेच प्रतिहरकत लिहायला घेतली. शेवटची एसटी लागायची वेळ झाली तरी कुणी उठेना, तेव्हा मी आयोगाचाच मार्ग धरला आणि प्रश्न रद्द केला.

'पेपर तुमी सेट करत नाई हे बरं हाय सर,' धनजचा म्हणाला, आणि रद्द केलेल्या प्रश्नाचे दोन गुण सगळ्यांना द्यायचे की एकूणातून वजा करायचे, यावर जिन्यात नवा वाद सुरू झाला.